हैदराबादच्या मराठी मोहल्ल्यातील खानावळी, इराणी हॉटेले आणि जागेचे भाडे



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी 3 वर्षे बसलो. इतिहासाचा तास ते सनावळीने सुरू करीत नसत. लढाईचा धडा निघाला की त्या दिवशी सैन्य जेवले कोठे आणि त्याचे पैसे कोणी दिले, असे ते विचारीत. आम्ही हसत असू. पुढे मीही आयुष्यभर इतिहासच शिकवला आणि त्या प्रश्नाला हसण्यासारखे काही नव्हते, हे फार उशिरा कळले.

खानावळ आणि चहाचे हॉटेल हा विषय स्मारक व्याख्यानाच्या प्रतिष्ठेला साजेसा नाही, असे एका स्नेह्यांनी मला सौम्य शब्दांत सुचवले होते. त्यांचा अनादर करून मी हा विषय घेतलेला नाही. त्याला एक निमित्त घडले. गेल्या वर्षीच्या माजी विद्यार्थी मेळाव्यानंतर आम्ही सात-आठ जण काचिगुड्याहून नारायणगुड्यापर्यंत पायी निघालो. कोठेतरी घटकाभर बसावे, एखादी प्याली घ्यावी, असे सर्वांच्या मनात होते. ओळखीची एकही जागा राहिलेली नव्हती. शेवटी काचेच्या दाराच्या, परदेशी नावाच्या एका पिझ्झाच्या दुकानात आम्ही शिरलो. तेथे बसल्यावर आमच्यातला एक जण म्हणाला, "या साखळीवाल्यांनी आपला मोहल्ला गिळला." सर्वांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. ते दुकान ज्या जागेवर उभे आहे त्याच जागेवरच्या घरात माझा जन्म झाला, हे मात्र मी त्या वेळी कोणाला सांगितले नाही.

मोहल्ला खरोखर कोणी गिळला, हा आजचा प्रश्न आहे. उत्तर शोधताना माझे स्वतःचे मत बदलले, एवढे आरंभीच कबूल करतो.

आपला मराठी माणूस या भागात का स्थिरावला, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. कोठीला जेम्स किर्कपॅट्रिक याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश रेसिडेन्सीची इमारत उभारली. तिच्या भोवतालच्या बाजारावर रेसिडेंटाची हुकमत चाले. 1933 साली हे बाजार निजामाकडे परत आले आणि सुलतान बाजार हे नाव रूढ झाले. त्यापूर्वी सभा, वाचनालय, उत्सव यांना तेथे शहराच्या इतर भागांपेक्षा अंमळ अधिक मोकळीक मिळे. केशवराव कोरटकर आणि वामन नाईक यांच्या पिढीची सार्वजनिक कामे याच परिसरात वाढली. दुसरे कारण रेल्वेचे. 1900 साली मनमाड ते सिकंदराबाद हा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग सुरू झाला आणि 1916 साली काचिगुड्याचे घुमटाकार स्थानक बांधले गेले. नांदेड, परभणी, औरंगाबादकडून येणारा माणूस गाडीतून उतरला की वळकटी घेऊन चालत ज्या अंतरावर पोचेल, त्या अंतरावर आपली वस्ती झाली. भूगोल इतका साधा असतो.

हा माणूस येई दोन कामांसाठी. एक, मुसी नदीकाठच्या हायकोर्टात. मराठवाड्याच्या 5 जिल्ह्यांची अपिले तेथेच चालत. दुसरे, शिक्षणासाठी, 1918 साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ आणि शहरातील कॉलेजे यांच्याशिवाय त्याला जवळ दुसरे ठिकाण नव्हते. नरहर कुरुंदकरांसारखा विद्यार्थीही याच वाटेने या शहरात शिकायला आला होता. पक्षकाराची पेशी पुढे ढकलली की आठ दिवस मुक्काम वाढे. विद्यार्थ्याचा मुक्काम तर वर्षानुवर्षांचा. यांना जेवू कोण घालणार?

जुन्या पिढीत उत्तर होते वार लावून जेवण्याचे. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. त्यात लाचारीही होती आणि मायाही होती. पुढे तिच्या जागी खानावळ आली. आमच्या घरामागच्या बोळात अशी एक खानावळ होती. ती चालवणाऱ्या बाई विधवा होत्या. नवरा कारकून होता, तो गेला तेव्हा पदरी 3 मुले. त्यांना सर्व जण काकू म्हणत. पुढच्या खोलीत एका वेळी 12 पाने मांडली जात. पोळी, वरण, भात, एक भाजी, आमटी, आणि सणाला काही गोड. महिन्याचे पैसे आगाऊ द्यायचे. गावी जायचे असेल तर आदल्या दिवशी सांगायचे, म्हणजे त्या दिवसाचा खाडा धरला जाई. रविवारी संध्याकाळी चूल बंद. परीक्षेच्या दिवसांत मनिऑर्डर उशिरा आली तर काकू वहीत नाव लिहून ठेवीत आणि पान मांडीत. त्या वहीतली सगळीच बाकी वसूल झाली असेल असे मला वाटत नाही. तरीही खानावळ तीस वर्षे चालली. कशी चालली? याचे उत्तर काकूंच्या उदारपणात आहे असे आपण समजतो. ते भाड्यात होते.

चहाकडे वळण्यापूर्वी हे भाड्याचे सूत्र हाती धरून ठेवावे, कारण इराणी हॉटेलही त्याच सूत्राने बांधलेले होते. हैदराबादचे इराणी बहुतेक यझ्द आणि आसपासच्या प्रदेशातून निघालेले. पुष्कळ जण आधी मुंबई-पुण्यात उतरले आणि मग रेल्वेने इकडे सरकले. मुंबईकडील इराणी बहुधा पारशी धर्माचे, आपल्याकडचे पुष्कळसे शिया मुसलमान, एवढा फरक ध्यानात असावा. चौकातल्या कोपऱ्याच्या जागा हिंदू व्यापारी अशुभ मानीत, म्हणून त्या इराण्यांना मिळाल्या, अशी एक कथा सर्वत्र सांगतात. कथा चांगली आहे. पण कोपऱ्याच्या जागेला दोन रस्त्यांवर दारे काढता येतात, हे कळायला इराण्याला शुभाशुभाची गरज नव्हती.

संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, गल्ल्यावर मालक. दूध तासन्‌तास आटवलेले, चहाचा काढा वेगळा दमावर ठेवलेला, आणि दोन्ही प्यालीत एकत्र. कडक हवा असेल तर पौना. पैसे कमी असतील तर वन बाय टू, म्हणजे एक चहा आणि दोन प्याल्या. सोबत उस्मानिया बिस्किट किंवा लुखमी. वर्तमानपत्र आळीपाळीने. एका प्यालीवर दोन तास बसणाऱ्याला कोणी उठवत नसे. आबिड्सच्या ओरिएंट हॉटेलात मख्दूम मोहिउद्दीन यांच्यासारखे कवी आणि अनेक राजकारणी बसत, त्याच्या आठवणी उर्दू मंडळी अजून सांगतात. आमची नारायणगुड्याची जागा इतकी थोर नव्हती. तेथे शिकवण्या ठरत, लग्ने ठरत, संमेलनाच्या वर्गणीचे हिशेब होत, आणि गणेशोत्सवातील नाटकात कोणाला कोणती भूमिका द्यायची यावरून आयुष्यभराचे अबोलेही होत.

आता सूत्राकडे येतो. एका प्यालीवर दोन तास बसू देणे ही मालकाची दानत खरी, पण ती त्याला परवडत होती. 1960 सालच्या आंध्र प्रदेशच्या भाडेनियंत्रण कायद्याने आणि त्याआधीच्या पागडीच्या व्यवहाराने त्याचे भाडे जणू गोठून गेले होते. भाडे थोडे, म्हणून खुर्चीची किंमत थोडी, म्हणून तीवर बसणाऱ्याचा वेळ स्वस्त. काकूंची उधारीची वहीदेखील याच स्वस्ताईवर उभी होती. आणि ही स्वस्ताई कोणाच्या खिशातून येत होती? घरमालकाच्या. मालक पुष्कळदा आपल्यापैकीच असे. काकूंचे घरमालक माझे आजोबा होते.

पहिला धक्का बसला तो कोणत्याही साखळी दुकानामुळे नव्हे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले आणि मराठवाडा मुंबई राज्यात गेला. भाषावार प्रांत ही आपली मागणी होती, ती पूर्ण झाली, आनंदही झाला. पण त्या दिवसापासून काचिगुड्याला उतरणाऱ्या पक्षकाराचे हायकोर्ट मुंबईला गेले. 1958 साली औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि विद्यार्थीही तिकडे वळला. (1981 साली तर हायकोर्टाचे खंडपीठही तेथे बसले.) आमच्या बोळातल्या पानांची संख्या 12 वरून 8, 8 वरून 5 झाली. बँकेत आणि पोस्टात नोकरीला आलेली तरुण मंडळी काही वर्षे होती, मग तीही संसारी झाली. काकूंनी चूल विझवली 1974 साली. तेव्हा पिझ्झा हा शब्द या मोहल्ल्यात कोणाला माहीत नव्हता.

दुसरा धक्का आम्हीच दिला. याविषयी आपल्या स्मरणिकांतून फारसे लिहिले जात नाही. 1980 नंतर या भागात एकेक घर बिल्डरच्या हाती जाऊ लागले. व्यवहार असा: जमीन मालकाची, बांधकाम बिल्डरचे, आणि तयार सदनिका ठरलेल्या प्रमाणात दोघांच्या. भावांच्या वाटण्या त्याने चटकन मिटत. आमच्या घराला 4 भाऊ वारस होते आणि ओसरी एकच होती. करारावर चौघांच्या सह्या झाल्या, त्यांत एक माझी. सहीपूर्वी घर मोकळे करून द्यायचे होते. मागच्या बोळात काकूंचा धाकटा मुलगा दोन खोल्यांत राहत होता आणि पुढच्या कोपऱ्याच्या खोलीत चहाचे एक लहान हॉटेल होते, ते इराण्याच्या पुतण्याने घेतलेले. दोघांना रक्कम देऊन उठवले. रक्कम त्या वेळच्या मानाने वाजवी होती, असे आम्ही चौघेही नेहमी म्हणत आलो. काकूंच्या मुलाने पैसे मोजून घेतले आणि मला विचारले, "भाऊ, एवढ्यात मला इथे कुठे खोली मिळेल?" मी त्याला उप्पलकडे स्वस्त प्लॉट आहेत, असे सांगितले.

1964 साली रुथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी लंडनच्या वस्त्यांचा अभ्यास करताना 'जेंट्रिफिकेशन' हा शब्द घडवला. आपण त्याला वस्तीचे अभिजनीकरण म्हणू. श्रमिकांच्या जुन्या वस्तीत पैसेवाले मध्यमवर्गीय राहायला येतात, घरे डागडुजीने झकपक होतात, भाडी चढतात आणि मूळचा माणूस बाहेर फेकला जातो, असे तिचे स्वरूप त्यांनी दाखवले. आपल्याकडे चित्र थोडे निराळे निघाले. येथे पैसेवाला बाहेरून आला नाही. जमिनीच्या भावाने घरमालकालाच तेथल्या तेथे पैसेवाला केले, आणि त्याने आपल्याच भाडेकरूला उठवले. पुढे मालकही सदनिका भाड्याने देऊन मुलांकडे कुकटपल्लीला, गच्चीबावलीला, नाही तर अमेरिकेला गेला. मोहल्ला आमच्या हातून गेला असे आम्ही म्हणतो. काकूंचा मुलगा असे म्हणू शकतो, आम्हाला तो अधिकार कितपत आहे याचा विचार व्हावा.

आता साखळीवाले. 1991 च्या आर्थिक धोरणानंतर ते देशात आले. बंगळूरला 1995 साली केंटकी फ्राइड चिकन, 1996 साली पिझ्झा हट आणि आपल्याच देशातला कॅफे कॉफी डे. त्याच वर्षी दिल्ली आणि मुंबईत मॅकडोनाल्ड्स. आपल्या शहरात 22 नोव्हेंबर 1998 रोजी माधापूरला सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाले आणि पैशाचे तोंड पश्चिमेकडे वळले. साखळी दुकाने आधी तिकडे, बंजारा हिल्सकडे गेली. हिमायतनगर-नारायणगुड्यापर्यंत सरकायला त्यांना वेळ लागला. ती आली तोवर वाडे पडलेले होते, तळमजल्याचे गाळे तयार होते.

आणि कायदाही तयार होता. 2005 च्या दुरुस्तीने महानगरपालिका हद्दीत महिना साडेतीन हजारांहून अधिक भाड्याच्या इमारती भाडेनियंत्रणाच्या बाहेर गेल्या. 2006 च्या बांधकाम नियमांनी चटईक्षेत्राची मर्यादा काढून इमारतीची उंची समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरवली. म्हणजे रस्ता रुंद झाला की जमीन वरच्या दिशेने वाढते. रस्तारुंदीत पहिला बळी जातो तो कोपऱ्याच्या जागेचा. दोन दारांचे इराण्याचे भाग्य असे उलटले.

साखळी उपाहारगृहाचे मर्म पदार्थात नाही, जागेत आहे, हे अमेरिकेत फार लवकर ओळखले गेले. रे क्रॉक यांनी 1955 साली आपले पहिले मॅकडोनाल्ड्स उघडले. पुढच्याच वर्षी त्यांचे सहकारी हॅरी सोनबॉर्न यांच्या सल्ल्याने जमीन-जागा ताब्यात घेऊन ती चालकांना भाड्याने देणारी स्वतंत्र कंपनी काढली, आणि खरा नफा तेथे झाला. आपल्याकडे गाळ्याचा करार पुष्कळदा असा असतो: ठरावीक किमान भाडे किंवा विक्रीतला हिस्सा, यांत जे जास्त ते मालकाला. अशा गाळ्यात कोणी दोन तास एका प्यालीवर बसू शकत नाही. किंवा बसू शकतो, पण मग त्या प्यालीच्या किमतीत दोन तासांचे भाडे आधीच धरलेले असते. इराण्याकडे चहाचे पैसे देऊन वेळ फुकट मिळे. येथे वेळेचे पैसे देऊन कॉफी मिळते.

येथे कोणी टाळी वाजवण्यापूर्वी दुसरी बाजू मांडतो. काकूंच्या पंगतीत कोण बसत होते? जात विचारूनच पान मांडले जाई. त्या 12 पानांत माझ्या वर्गातल्या एका दलित मुलाला जागा नव्हती; तो इराण्याकडे पाव-चहावर दुपार काढी, कारण गल्ल्यावरचा इराणी जात विचारीत नसे. आणि इराण्याकडे तरी कोण बसत होते? पुरुष. बायकांसाठी कोठे कोठे लाकडी आडोशाची 'फॅमिली रूम' असे. माझी थोरली बहीण नारायणगुड्यात वाढली, या शाळेत शिकली, पण तिने तेथे कधी चहा घेतला नाही. परवा त्या पिझ्झाच्या दुकानात आमच्या शेजारच्या टेबलाशी 4 मुली वह्या पसरून बसल्या होत्या. त्यांच्याकडे कोणी वळून पाहत नव्हते. आमचा मित्र मोहल्ला गिळल्याचे बोलला तेव्हा माझे लक्ष त्यांच्याकडे होते.

साखळीवाले अजिंक्य असतात असेही नाही. कॅफे कॉफी डेची देशभरातली 1,700 हून अधिक दुकाने 2019 नंतर झपाट्याने मिटत पाचशेच्याही खाली आली. उलट सिकंदराबादच्या पॅराडाइज चित्रपटगृहाजवळ 1953 साली सुरू झालेला लहानसा कॅफे आज स्वतःच अनेक शहरांत शाखा असलेली साखळी आहे. देशी-परदेशी या भेदाने हा विषय उलगडत नाही, एवढ्यासाठी हे सांगितले.

7 फेब्रुवारी 2020 रोजी ज्युबिली बस स्थानक ते महात्मा गांधी बस स्थानक ही मेट्रोची हिरवी मार्गिका सुरू झाली. नारायणगुडा आणि सुलतान बाजार ही दोन्ही तिची स्थानके. सुलतान बाजाराच्या अरुंद रस्त्यावरून ती नेण्यास तेथल्या व्यापाऱ्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला. अखेर खांब उभे राहिले. 1916 च्या स्थानकाने आपली वस्ती घडवली होती. या स्थानकांनी पुन्हा जमिनीचा भाव हलवला आहे, आणि तो हलवता हलवता आपल्या शाळेच्या भिंतीपर्यंत आला आहे.

रस्त्याकडील भिंतीला लागून शाळेचे 3 गाळे आहेत, हे आपण जाणता. एकात वह्या-पुस्तके, एकात सायकलदुरुस्ती, मधल्यात चहा आणि मिरचीभजी. मधल्या सुटीत आपण सर्वांनी तेथे उधारी केलेली आहे. तिघांचे मिळून भाडे शाळेच्या विजेच्या बिलाला पुरत नाही. तिन्ही गाळे एकत्र करून मिळावेत, अशी एका साखळी उपाहारगृहाची मागणी संस्थेकडे आली आहे. देऊ केलेले भाडे सध्याच्या कित्येक पट आहे. त्यातून गळके छप्पर दुरुस्त होईल, आणि मराठीच्या शिक्षिकांचा पगार, जो आज वर्गणीतून भागवावा लागतो, नियमित देता येईल. ज्या शाळेत मराठी शिकवायला पैसे नाहीत तिने चहाच्या गाळ्याला सवलत द्यावी काय, असे कार्यवाहांनी मला विचारले. प्रश्न खोटा नाही. चहावाल्याचे वय 60 आहे, त्याचा मुलगा त्याच धंद्यात आहे, आणि मुलाने मला जे विचारले ते मी यापूर्वी एकदा ऐकलेले होते.

संस्थेने मत देण्यासाठी 5 जणांची समिती नेमली, तीत माझे नाव आहे. माझे मत अजून बनलेले नाही. दोन गाळे द्यावेत आणि मधला ठेवावा, असे एकदा वाटते. मागणी करणाऱ्यांना तिन्ही हवेत. भाडे घेऊन चहावाल्याला मागच्या अंगणात जागा द्यावी, असेही एक सदस्य म्हणतात. पण रस्त्यावरचे गिऱ्हाईक अंगणात येत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. या वेळी उठवण्याची रक्कम ठरवताना उठणाऱ्याला समोर बसवून त्याचा हिशेब ऐकावा, एवढा आग्रह मी धरला आणि तो मान्य झाला आहे.

समितीची बैठक पुढील महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सायंकाळी 5 वाजता ग्रंथालयात आहे. माजी विद्यार्थ्यांना तीत बोलता येईल, मतदान करता येणार नाही. ज्यांना बोलायचे असेल त्यांनी कार्यालयात नाव नोंदवावे. चहा मधल्या गाळ्यातूनच येईल.